टपालहंशील : तिकिटापूर्वीं

पाकिटावर तिकीट चिकटविणें ही आपणांस इतकी साधी गोष्ट वाटते कीं, तिकीटच नव्हतें तेव्हां पत्र कसें जात असेल हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. आमच्या पिपरी मेघेस वर्धा अगदीं लागून आहे. पण वर्धा शहर वसलें १८६६ सालीं, आणि आगगाडी नागपुरास पोहोंचली १८६७ सालीं. आम्ही सांगणार ती हकीकत त्याहूनही जुनी आहे.

पेशव्यांच्या व भोसल्यांच्या अमदानींत जासूद आणि हरकारे सरकारी खलिते नेत. सावकार आपले कासीद ठेवीत. बाकीच्यांनीं त्या दिशेस जाणारा एखादा भला वाटसरू गांठावा आणि चिठ्ठी त्याच्या हातीं द्यावी. कंपनीच्या मुलखांत वॉरन हेस्टिंग्ज यानें १७७४ सालीं सरकारी टपाल लोकांस खुलें केलें. हंशील दर १०० मैलांस २ आणे असे, आणि तें भरण्यासाठीं तांब्याचे बिल्लेही पाडले होते.

पुढें १८३७ च्या कायद्यानें पैसे घेऊन पत्रें वाहण्याचा हक्क कंपनी सरकारनें आपल्या मुलखांत एकट्याकडे घेतला. हंशील अंतर आणि वजन या दोहोंवर ठरे. कलकत्त्याहून आग्र्यास एक तोळा वजनाच्या पत्रास १२ आणे पडत आणि मुंबईस १ रुपया. आतां येथें एक मौज पाहा. १८३५ सालीं कंपनीनें पाडलेल्या रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा होतें. तेव्हां तराजूच्या एका पारड्यांत पत्र घालावें, दुसऱ्यांत चांदीचा रुपया, आणि दांडी समतोल राहिली कीं तीच चांदी हंशील म्हणून मोजून द्यावी! कागदाला अक्षरशः चांदीचा भाव होता. तें पत्र हरकारे पाळीपाळीनें खांद्यावरून नेत. मुंबई-कलकत्त्याची डाक नागपूर, रायपूर, संबळपूर या वाटेनें चाले. हरकाऱ्याच्या पायांस विसांवा नव्हता, हें खरें. पण त्याच्या पिशवींत शेंकडों पत्रें असत, आणि प्रत्येकाकडून सगळ्या वाटेचा खर्च मागणें आम्हांस तरी न्यायाचें वाटत नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं, हंशील लिहिणाऱ्यानें आधीं भरावें किंवा घेणाऱ्यानें मागाहून द्यावें, अशी दोन्ही तऱ्हेची मुभा होती. घेणाऱ्याजवळ पैसे नसले तर मुलाचें ख्यालीखुशालीचें पत्रही दारावरून परत जाई. शिवाय अंतर किती आणि वजन किती हें ठरविणार कारकून, आणि पैसे रोख त्याच्याच हातांत पडणार. जो अडाणी आहे त्यानें कोणत्या आधारावर तक्रार करावी?

विलायतेंत रोलंड हिल यानें १८३७ सालींच दाखवून दिलें होतें कीं, वाटेचा खर्च एकेका पत्रावर वांटला असतां नांवापुरता उरतो. खरा खर्च दोन्ही टोंकांस पत्रें घेण्याचा, हिशेब ठेवण्याचा आणि वांटण्याचा असतो. म्हणून तेथें १८४० सालीं अंतर न पाहतां एक पेनीचा दर झाला आणि तिकिटें निघालीं. आपल्याकडे १८५० सालीं कोर्टनी, फोर्ब्स व बीडन अशा तिघांची चौकशी नेमली. त्यांनींही हाच मार्ग सुचविला. त्यापूर्वींच, १८५२ सालीं, सिंध प्रांतांत बार्टल फ्रीअर यानें अर्ध्या आण्याचीं तिकिटें काढून प्रयोग करून पाहिला होता, असें नव्हे; अहवाल १८५१ चा, प्रयोग त्याच्या पाठोपाठचा. हा क्रम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा, कारण तो पुष्कळदां उलटा सांगितला जातो.

अखेर १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व कंपनी मुलखांत पाव तोळ्यास अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यास १ आणा आणि तोळ्यास २ आणे असा एकच दर झाला, मग पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं कलकत्त्यास. ज्यास १६ आणे लागत त्यास २ पुरूं लागले. योग असा कीं, रघोजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले आणि १८५४ सालींच नागपूरचें राज्य खालसा झालें. स्वस्त पत्र आणि परकी अंमल हीं दोन्ही आपल्या प्रांतांत एकाच वर्षीं आलीं. एकाचा आनंद मानतांना दुसऱ्याचा विसर पडूं नये.

बिनतिकिटाच्या पत्रास आतां दुप्पट दंड बसूं लागला. अशा पत्रास इंग्रजींत बेअरिंग म्हणत, त्याचेंच आपल्याकडे बैरंग झालें. आपले हिंदी बोलणारे शेजारी रिकाम्या हातीं परतणारासही बैरंग परतला म्हणतात, तें यावरूनच.

पाव तोळा म्हणजे सुमारें २.९ ग्रॅम. हल्लींच्या छपाईच्या एका मोठ्या कागदाचें वजन ५ ग्रॅम भरतें, तेव्हां अर्ध्या आण्यांत त्याचें अर्धेंच पान जाई. ज्यांस तेवढेंही परवडत नव्हतें त्यांच्यासाठीं १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. त्यावरचा मजकूर वाटेंत कोणीही वाचावा, अशी त्यास उघडीच अडचण होती. तरी लोक कडेकडेनें, उभ्या ओळींनीं, पत्त्याच्या जागेपर्यंत लिहीत.