काजूचा बोंडू आणि काजूगर : पोषणमूल्यांची तुलना

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास कोकणातील काजूच्या बागांत लाल-पिवळ्या बोंडूंचा सडा पडलेला दिसतो. बी पिळून वेगळी केली की बोंडू बहुधा तेथेच टाकला जातो. बी पोत्यात भरून बाजारात जाते आणि बोंडू गुरांच्या व मुंग्यांच्या वाट्याला येतो. दोन्ही वस्तू एकाच देठावर वाढलेल्या असतात. त्यांतील कोणती मोलाची हे आजवर बाजारानेच ठरविले आहे. आहाराच्या दृष्टीने हा निवाडा कितपत बरोबर आहे, ते तपासून पाहण्याजोगे आहे.

वनस्पतिशास्त्रानुसार बोंडू हे फळ नव्हेच. तो फुगलेला देठ असून खरे फळ म्हणजे काजूची बी होय. प्रस्तुत लेखात मात्र लोकव्यवहारातील अर्थच घेतला आहे. हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले. गोव्यात बोंडूच्या रसापासून हुर्राक व फेणी तयार होते आणि काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तो उपयोग पोषणाच्या हिशेबात धरता येत नाही.

कोष्टकातील आकडे

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची जी खाद्यपदार्थांची कोष्टके आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहेत, त्यांनुसार १०० ग्रॅम काजूगरात सुमारे २१ ग्रॅम प्रथिने, ४७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ५.८ मिलिग्रॅम लोह असून त्यापासून ५९६ उष्मांक मिळतात. तितक्याच वजनाच्या बोंडूत ८६ ग्रॅम पाणीच असते. प्रथिने ०.२ ग्रॅम, स्निग्धांश जवळजवळ नाही आणि उष्मांक अवघे ५१. एवढ्यावरच थांबले तर बोंडू निःसत्त्व ठरतो. पण ‘क’ जीवनसत्त्वाच्या रकान्यात चित्र पालटते. काजूगरात ते नगण्य आहे, तर बोंडूत १८० मिलिग्रॅम. त्याच कोष्टकांत संत्र्याचा आकडा ३०, पेरूचा २१२ आणि आवळ्याचा ६०० आहे. म्हणजे ज्या संत्र्याला आपण आजाऱ्याच्या उशाशी मानाने ठेवतो, त्याच्या सहापट ‘क’ जीवनसत्त्व पायाखाली तुडविल्या जाणाऱ्या बोंडूत आहे. जातीनुसार व पक्वतेनुसार यात कमीअधिक होते, तरी प्रमाण साधारण हेच राहते.

समान वजनाची तुलना सोयीची असली, तरी ताटात ती उतरत नाही. १०० ग्रॅम काजूगर एका बैठकीस सहसा कोणी खात नाही. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम काजूगर खाल्ले, तर सुमारे १५० उष्मांक, ५ ग्रॅम प्रथिने व दीड मिलिग्रॅम लोह मिळते. उलट ५० ग्रॅमचा एक मध्यम बोंडू सुमारे ९० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व देतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला रोज ६५ व पुरुषाला ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. लहान मुलांची गरज याहून कमी. एका बोंडूत दिवसाची गरज भागते ती अशी.

दोहोंचा संबंध

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये व पाच वर्षांखालील बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या आहारातील बहुतेक लोह वनस्पतिजन्य असते व त्याचा थोडाच अंश शरीरात शोषला जातो. धान्ये, डाळी व कठीण कवचाच्या बियांतील फायटिक आम्ल या शोषणात अडथळा आणते. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर हा अडथळा बराच कमी होतो. तेव्हा बोंडू हा काजूगराचा प्रतिस्पर्धी नसून त्यातील, तसेच नाचणी व पालेभाजीतील लोह अंगी लावणारा सोबती आहे.

बागायतदाराने काजूगर विकू नये, घरीच खावा, असा सल्ला मात्र व्यवहार्य नाही. तो रोख पैशाचा माल आहे. प्रथिनांसाठी शेंगदाणा घ्यावा. त्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने असून तो कितीतरी स्वस्त पडतो. काजू विकून शेंगदाणे व डाळ घेणारे कुटुंब आहाराच्या हिशेबात तोट्यात जात नाही. बोंडूचे तसे नाही. तोडल्यावर दिवसभरात तो खराब होऊ लागतो, त्यामुळे दूरच्या बाजारात पोचत नाही. बीच्या पाचपटीहून अधिक वजनाचा हा माल जागच्या जागीच खाल्ला पाहिजे. शिवाय ‘क’ जीवनसत्त्व शरीरात फार दिवस साठत नाही, म्हणून हंगामात एकदम पुष्कळ खाण्यापेक्षा रोज एखादा खाणे बरे.

तुरटपणा कसा घालवावा

बोंडू टाकला जाण्याचे दुसरे कारण म्हणजे त्यातील टॅनिन. त्याने घसा धरतो. एवढेच नव्हे, तर टॅनिन लोहाचे शोषणही रोखते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये असे सांगतात ते याचसाठी. म्हणून तुरटपणा काढणे हे केवळ चवीचे काम नाही. एक लिटर रसास पाच ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून, थंड करून मिसळावी. टॅनिन गाळाबरोबर तळाशी बसते. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्यावा. भांडे स्टीलचे किंवा काचेचे असावे. तांब्या-लोखंडाच्या भांड्यात ‘क’ जीवनसत्त्व लवकर नष्ट होते. रस उकळल्यानेही ते घटते. रस त्याच दिवशी संपवावा, कारण उन्हाळ्यात तो चटकन आंबतो.

काजूच्या हंगामाचा बराच भाग शाळा चालू असतानाच येतो. काजूपट्ट्यातील ग्रामपंचायतीने बागायतदारांशी बोलून सकाळी झाडावरून तोडलेले स्वच्छ बोंडू शाळेत व अंगणवाडीत पोचविण्याची व्यवस्था केली, तर दुपारच्या आहाराला विनाखर्च जोड मिळेल. बोंडू बी काढूनच मुलांच्या हाती द्यावेत. बीच्या टरफलातील तेल दाहक असते, ते लागून कातडी भाजते. ओली बी दातांनी फोडण्याची मुलांची सवय शिक्षकांनी आवर्जून मोडावी. अगदी लहान बालकांना काजूगर किंवा शेंगदाणा अख्खा देऊ नये. तो घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून कूट करूनच द्यावा. ज्या मुलाला काजू खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते किंवा ओठ सुजतात, त्याला काजू आणि बोंडू दोन्ही वर्ज्य करून डॉक्टरांना दाखवावे.