‘मोदेना’ म्हणताना जोर कुठे?

प्रश्न : मी इटालियन शिकते आहे. उपान्त्य अक्षरावर जोर द्यायचा, असं वर्गात सांगितलं होतं. पण मी ‘मोदेऽना’ म्हटलं आणि बाईंनी ‘मोऽदेना’ असं सुधारलं. मग नियम कशाला? आणि शब्द तोडायचा कसा? – एक वाचक, सांगली

उत्तर : नियम खरा आहे, पण तो बहुतेक शब्दांचा, सगळ्यांचा नाही. अशा शब्दांना इटालियनमध्ये ‘पियाना’, म्हणजे सपाट म्हणतात. जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर असेल, तर शब्द ‘घसरता’. मोदेना, नापोली, जेनोवा, पादोवा ही सगळी घसरती गावं. १९३५ साली मोदेनात जन्मलेले गायक पावारोत्ती यांचं आडनाव सपाट, गाव मात्र घसरतं!

कारण लॅटिनमध्ये आहे, आणि वृत्तांचे लघु-गुरू मोजलेल्या मराठी माणसाला ते लगेच कळावं. लॅटिनमध्ये उपान्त्य अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. मोदेनाचं लॅटिन नाव मुतिना. त्यातला ‘ति’ लघु, म्हणून जोर ‘मु’वर. पुढे स्वर बदलले, ‘त’चा ‘द’ झाला, पण जोर जागचा हलला नाही. शहराला इटालियनमध्ये ‘चित्ता’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाची जोरानंतरची शेपटी गळाली आणि जोराचा ‘ता’ शेवटी उरला. असा अंत्य जोर असलेल्या शब्दावर लिहिताना खूण करतात; एरवी लिपी गप्प असते. ‘आंकोरा’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर जहाजाचा नांगर, मधल्यावर दिला तर ‘अजून’. स्पेलिंग एकच.

तोडणं त्या मानाने सोपं. जोडीचं व्यंजन मधोमध तुटतं : गात्-तो, पाल्-ला. आपणही ‘पत्ता’ लिहिताना ‘त्ता’ एकत्र लिहितो, पण म्हणताना ‘पत्-ता’च म्हणतो, म्हणून तर तो ‘प’ गुरू. इटालियनमध्ये जोराचं अक्षर स्वरावर संपलं (आणि ते शब्दाच्या शेवटी नसलं) की स्वर लांबतो, व्यंजनाने बंद झालं की आखूड राहतो. ‘फाऽतो’ म्हणजे नशीब, ‘फात्तो’ म्हणजे घडलेली गोष्ट. इथे चूक झाली तर अर्थच बदलतो, म्हणून हा सराव आधी करा.

एक अडचण ‘पास्ता’ची. ओळीच्या शेवटी तोडायचा झाला तर इटलीतल्या शाळांत ‘पा-स्ता’ शिकवतात. पण बोलताना त्यातला पहिला स्वर लांबत नाही, म्हणजे जीभ ‘पास्-ता’च म्हणते. वहीत शाळेचा नियम पाळा, उच्चाराला कानावर विसंबा. तीन अक्षरांचा नवा शब्द भेटला की कोशात जोराचं अक्षर पाहून पेन्सिलने त्याखाली रेघ मारून ठेवा.