फुलांवरील कोळी : निसर्गाभ्यासाचा एक पाठ

झेंडूच्या फुलावर एखादी मधमाशी बराच वेळ निश्चल दिसली, तर ती मकरंद घेत आहे असे समजून पुढे जाऊ नये. पाकळ्यांच्या आड तिला धरून बसलेला खेकडा-कोळी पुष्कळदा तेथे सापडतो. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकांस या पाठासाठी दूर जावयास नको. दिवाळीच्या सुमारास झेंडू व शेवंती आणि पुढे रब्बीत करडईची फुले शाळेजवळच मिळतात.

पूर्वतयारी : कोळी हा कीटक नव्हे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. कीटकास सहा पाय व शरीराचे तीन भाग. कोळ्यास आठ पाय व दोन भाग. कोळी म्हटला की जाळे, अशी मुलांची समजूत असते. परंतु पुढील तिन्ही कोळी शिकारीसाठी जाळे विणीत नाहीत.

निरीक्षण : खेकडा-कोळ्याच्या पायांच्या पुढील दोन जोड्या लांब असतात व तो खेकड्याप्रमाणे आडवा चालतो. काटेरी पायांच्या कोळ्याचे उदर मागे निमुळते असून त्याच्या आठांपैकी सहा डोळे षट्कोनात मांडलेले असतात. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढील मधले दोन डोळे ठळक व मोठे असतात.

छायाचित्र : कोळी पकडू अथवा मारू नये. मोबाईलचा कॅमेरा पुरेसा आहे. फुलावर आपली सावली पडू न देता वरून, समोरून व बाजूने अशी तीन चित्रे घ्यावीत. म्हणजे उदराची नक्षी, डोळे व पाय स्पष्ट होतील. चौथे चित्र संपूर्ण रोपाचे असावे. तारीख, गाव व फुलाचे नाव वहीत लिहावे.

नामनिश्चिती : येथे अधिक दक्षता हवी. केवळ रंगावरून जात सांगू नये; काही खेकडा-कोळ्यांच्या माद्या थोड्या दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्या होतात. भारतातील खेकडा-कोळ्यांवर डॉ. बी. के. टिकादर यांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या असून, जात बहुधा जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवितात. छायाचित्रावरून पुष्कळदा कुळच कळते.

म्हणून मुलाने नाव विचारले असता शिक्षकाने अंदाजाने जात सांगू नये. ‘कुळ ओळखले, जात अनिश्चित’ अशी नोंद फळ्यावर स्वतः लिहून दाखवावी. खोट्या नावाने भरलेल्या वहीपेक्षा ही एक ओळ मुलास अधिक शिकवील.