रेव्हरंड टिळकांच्या अभंगांतील विश्रांती

पिंपरी-चिंचवडलगतच्या देहूच्या तुकोबांची अभंगवाणी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्तिकाव्याचीही प्रेरणा होय. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ख्रिस्त भाराक्रांत जनांना विसाव्यासाठी बोलावतो. टिळक त्याला माउली मानून आळवतात. त्यामुळे ही विश्रांती मराठी मनाला परकी वाटत नाही. येथे चिंता शमते ती तर्काने नव्हे, शरणागतीने.

मात्र या धर्मांतराने लक्ष्मीबाईंच्या वाट्याला वियोग व मनस्ताप आला, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगते. पुढे जातिभेद मानवनिर्मित असल्याची खात्री पटून त्याही ख्रिस्ती झाल्या. म्हणून टिळकांच्या काव्यातील शांतीचा विचार करताना तिचे कौटुंबिक मोलही अभ्यासकाने ध्यानी घ्यावे. ‘अभंगांजली’ व ‘स्मृतिचित्रे’ एकत्र वाचावीत.