पिकअपचं ॲव्हरेज विचारू नका, क्रेटमागचं डिझेल विचारा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिझेल पिकअपचा हिशोब घेतला. बोर्डवरचे आकडे भराभर पुढे जातात, म्हणून तेच इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन जवळ घेऊन वाचा.

अवसरी बुद्रुकला दुकानात बसलं की एक प्रश्न हमखास येतो, "सर, पिकअप घ्यायचीय, कोणती जास्त ॲव्हरेज देते?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. आपल्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात टोमॅटो नारायणगावला, कांदा-बटाटा मंचर-चाकणला, तरकारी गुलटेकडीला जाते. यात भाडं मिळतं ते मालाचं. डिझेल मात्र गाडी भरलेली असो की रिकामी, जळतंच. म्हणून धंदेवाल्याने लिटरला किती किलोमीटर एवढंच बघून थांबायचं नसतं. एका क्रेटमागे किती रुपयांचं डिझेल गेलं, हे बघायचं असतं.

पायरी १: आधी खरं ॲव्हरेज काढा

शोरूममध्ये सांगितलेला आकडा आणि आपल्या रस्त्यावरचा आकडा यात फरक पडतोच. डिस्प्लेवर दिसणारा आकडाही अंदाजच असतो. खात्रीची पद्धत एकच, टाकी टू टाकी.

- टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा. वरून ठासून भरू नका.
- मीटरचं रीडिंग वहीत लिहा.
- दोन-तीन फेऱ्या झाल्या की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करा.
- जितके किलोमीटर झाले, त्याला या वेळी भरलेल्या लिटरने भागा.

असं सलग तीन वेळा करा आणि तिन्हींची सरासरी घ्या. दर भरण्यापुढे फेऱ्या किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती, तेही लिहा.

पाचशे-हजाराचं डिझेल टाकत राहिलात तर हा हिशोब कधीच जुळणार नाही. १६ जून २०१७ पासून देशभर इंधनाचे दर रोज ठरतात, त्यामुळे तेवढ्याच पैशात दर वेळी तेवढंच डिझेल येईल असं नाही. वहीत रुपये लिहा, पण लिटर लिहायला विसरू नका.

पायरी २: क्रेटवर आणा

एक नमुना हिशोब करू. आकडे समजायला सोपे म्हणून धरलेत, तुम्ही स्वतःचे टाका. अवसरी ते पुणे मार्केट यार्ड जाऊन-येऊन १४० किलोमीटर, डिझेल ९० रुपये लिटर. टोमॅटोचा क्रेट २० किलोचा, क्रेटच्या वजनासकट २२ किलो धरू.

*फेरी अ:* ७० क्रेट भरले, म्हणजे १,५४० किलो. ॲव्हरेज १२ पडलं. डिझेल ११.६७ लिटर, रुपये १,०५०. क्रेटमागे १५ रुपये.

*फेरी ब:* ४० क्रेटच मिळाले. गाडी हलकी, ॲव्हरेज १४ पडलं. डिझेल १० लिटर, रुपये ९००. क्रेटमागे साडेबावीस रुपये.

बघा, ब फेरीचं ॲव्हरेज चांगलं आहे, पण क्रेट साडेसात रुपयांनी महाग पडला. पारावर ब वाला सांगणार, "माझी गाडी चौदा देते!" आणि महिनाअखेरीला पैसे अ वाल्याच्या खिशात राहणार.

यातून गाडी कोणती घ्यायची तेही कळतं. तुमचा रोजचा माल तीसच क्रेट असेल, तर ते साधारण ६६० किलो झाले. त्याला छोटा हत्ती पुरतो. मोठी पिकअप घेऊन रोज अर्धी हवा वाहायची आणि वर हप्ताही मोठा भरायचा, हे कशाला? उलट रोज सत्तर क्रेट असतील, तर छोट्या गाडीच्या दोन-तीन फेऱ्या महाग पडतील.

"मग शंभर क्रेट भरू की!" नाही. शंभर क्रेट म्हणजे २,२०० किलो. आरसी बुकात जेवढी क्षमता लिहिलीय तिथेच थांबायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. टायर, पाटे, क्लच आणि ब्रेक यांचं बिल वेगळं. त्यात इन्शुरन्सचा क्लेम अडकला तर धंदाच बसतो.

पायरी ३: परतीचा माल शोधा

डिझेल वाचवायचा सगळ्यात मोठा उपाय इंजिनात नाही, तुमच्या फोनमध्ये आहे. फेरी अ मधली गाडी परत येताना रिकामी आहे. तिच्यात पशुखाद्याची २५ पोती टाकली आणि पोत्यामागे २५ रुपये भाडं धरलं, तर ६२५ रुपये झाले. वजनामुळे फेरीचं ॲव्हरेज १२ वरून ११ वर आलं असं धरा. डिझेल १२.७३ लिटर, म्हणजे साधारण १,१४५ रुपये. खर्च ९५ रुपयांनी वाढला, हातात ६२५ आले. हमाली आणि थांबायचा वेळ वजा करूनही हे सोडण्यासारखं नाही.

म्हणून गावातले किराणावाले, हार्डवेअरवाले, खतवाले, डेअरीवाले यांचे नंबर एका यादीत ठेवा. आदल्या संध्याकाळी एकच मेसेज टाका, "उद्या पुण्याहून दुपारी गाडी रिकामी येतेय." एकाच दिवशी सगळे हो म्हणणार नाहीत. आठवड्यातून दोन फेऱ्या भरल्या तरी पुष्कळ.

पायरी ४: ड्रायव्हरचा पाय आणि गाडीची निगा

*वेग.* हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० वरून ८० वर गेलात, तर तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. वर क्रेटची थप्पी आणि फडफडणारी ताडपत्री असेल तर आणखी भर. ५० किलोमीटरला ६० च्या वेगाने ५० मिनिटं लागतात, ८० ने साडेसदतीस. वाचली साडेबारा मिनिटं, आणि ती चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तशीही जातात. इंधन बचतीवर काम करणारी सरकारी संस्था पीसीआरए ताशी ४५ ते ५५ चा वेग किफायतशीर सांगते. पहाटेचा लिलाव गाठायचा असेल तर वेग वाढवण्यापेक्षा घरून वीस मिनिटं आधी निघा.

*टायरमधली हवा.* हवा कमी म्हणजे टायर जड चालतो, डिझेल जास्त जातं आणि कडा झिजतात. हवा टायर थंड असताना तपासा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. आपल्याला हवा तो आकडा गाडीच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत मिळतो. भरलेल्या गाडीला मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तो बघा.

*उभी गाडी, चालू इंजिन.* माल उतरवताना, वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवलं तर त्या वेळचं ॲव्हरेज शून्य. दोन-चार मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा.

*एअर फिल्टर आणि क्लच.* आपल्या शेतरस्त्यांवर धूळ भरपूर, त्यामुळे फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीही भरतो. काळा धूर, गाडी ओढत नाही, ही लक्षणं दिसली की पहिल्यांदा तो बघा. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर क्लच प्लेटही जाते आणि डिझेलही.

दोन गैरसमज

*"उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं."* आताच्या कॉम्प्युटरवाल्या डिझेल इंजिनात उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय गिअरची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ओतूरकडून माल भरून माळशेज घाट उतरणाऱ्याने हा खेळ कधीच करू नये.

*"पहाटे भरलं की डिझेल जास्त येतं."* पंपाची टाकी जमिनीखाली असते. तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. पंप वाटेवर असेल तेव्हा भरा. त्यासाठी वेगळी चक्कर मारलीत तर तोटाच.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत सहा रकाने आखा: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, जाताना माल, येताना माल. महिनाभर भरा. ज्यांनी अजून गाडी घेतली नाही, त्यांनी महिनाभर भाड्याच्या गाडीचा असाच हिशोब ठेवावा. क्रेट किती, भाडं किती, कितीदा गाडी अर्धी गेली.

महिन्यानंतर भाड्यापोटी दिलेले सगळे पैसे एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, ड्रायव्हर, मेंटेनन्स आणि डिझेल लिहा. दुसरी बाजू जड असेल तर सध्या भाड्याचीच गाडी बरी, आणि त्यात कमीपणा काही नाही. बँकेचा हप्ता पाऊस बघत नाही आणि टोमॅटोचा भावही बघत नाही. म्हणून सही करायच्या आधी एवढी एक वही भरा.