वेढा-कालव्यातून एक दिवस

हॉलंड देशाचा पाठ आपल्या शाळांतून बहुधा एकाच वाक्यात आटोपला जातो : ‘या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे.’ मुले वाक्य पाठ म्हणतात, शिक्षकासही समाधान वाटते. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे असेच शिकवीत असे. एके दिवशी एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग तिथे पाणी का भरत नाही?” त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते उत्तर मुलांना नावेत बसवून द्यावे. नाव अर्थातच नकाशावरची.

सकाळी लायडेन शहरातून निघावे. नाव माणसाच्या भरभर चालीने जाते. घाईचे कारण नाही. उत्तरेस कागची सरोवरे लागतात. ती ओलांडली म्हणजे सुमारे ६० किलोमीटर लांबीचा वेढा-कालवा. रस्ता आडवा आला की पूल उचलला जातो, वाहने खोळंबतात आणि नाव संथपणे पुढे सरकते. पूर्वी कित्येक ठिकाणी पूलवाला गळाच्या काठीला लाकडी जोडा बांधून खाली सोडी व त्यात पैसे घेई. हे मुलांना अवश्य सांगावे; बाकीचे विसरली तरी हे विसरणार नाहीत.

डाव्या हातास लिस व हिलेगोम ही फुलशेतीची गावे. उजव्या हातास बांध. नावेत उभे राहून पाहिले तर बांधापलीकडे घरांची छपरे तेवढी दिसतात. शेते नावेच्या तळाहूनही खाली आहेत. येथे नाव थांबवावी आणि वर्गाला विचारावे : पाणी वर, शेत खाली, हे कसे?

तेथे पूर्वी शेत नव्हतेच. हार्लेमरमेर नावाचे सुमारे १८,००० हेक्टरांचे सरोवर होते. काठची कुजक्या वनस्पतींची माती लोक जळणासाठी खणून नेत, उरलेली लाटा खात. त्यामुळे सरोवर पसरतच गेले. लोक त्यास ‘पाणलांडगा’ म्हणत. १८३६ च्या नोव्हेंबरातील वादळात त्याचे पाणी अ‍ॅम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत आले, डिसेंबरात लायडेनकडे लोटले. तेव्हा मात्र सरोवर उपसण्याचे ठरले. भोवती बांध घालून कालवा खणला, आणि १८४९ ते १८५२ या काळात वाफेवर चालणाऱ्या तीन पंपगृहांनी सरोवर कोरडे केले. आपली मोट विहिरीतले पाणी शेताला देई. येथे शेतातले पाणी वर काढून कालव्यात टाकतात. हा फरक फळ्यावर बाण काढून दाखवावा.

दुपारी त्या तिघांपैकी क्रुकियुसचे पंपगृह लागते. ते १९३३ पर्यंत चालू होते. आता तेथे संग्रहालय आहे. पण उपसा संपलेला नाही. पाऊस पडतो, जमिनीतून पाणी झिरपते, म्हणून नवे पंप चालवावेच लागतात. ही व्यवस्था राइनलंडचे जलमंडळ पाहते. त्याची सनद १२५५ ची आहे. रहिवासी त्यास कर देतात व त्याचे सभासद निवडतात. स्खिफोल विमानतळही याच सरोवराच्या तळावर आहे.

संध्याकाळी स्पार्ने नदीने हार्लेम गाठावे.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात मातीचे मोठे आळे करावे व भोवती चर खणावा. एका मुलाने झारीने आळ्यात पाऊस पाडावा, दुसऱ्याने वाटीने पाणी उपसून चरात टाकावे. काही वेळाने उपसणाऱ्यास थांबावयास सांगावे, झारी मात्र चालू ठेवावी.