रिठा, बोअरचं पाणी आणि फर्स्ट इयरची केमिस्ट्री

फर्स्ट इयरचं ईडीटीए टायट्रेशन आठवतंय ना? फ्लास्कमधला वाइन रेड रंग निळा झाला, रीडिंग लिहिलं, जर्नलवर सही झाली, की आपण पाण्याची दुष्फेनता विसरून जातो. पण बोअरचं पाणी आपल्याला विसरत नाही. साबण घासून घासून हात दुखतात, फेस येत नाही आणि वाळलेला शर्ट पापडासारखा कडक होतो.

असं का होतं, ते आकड्यांत पाहू. समजा, पाण्याची दुष्फेनता ३०० पीपीएम आहे (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). म्हणजे लिटरमागे ३ मिलिमोल कॅल्शियम. एक कॅल्शियम आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि त्यांचा न विरघळणारा साका करतो. म्हणजे लिटरमागे ६ मिलिमोल साबण गेला. सोडियम स्टिअरेटचा रेणुभार ३०६ धरला, तर हे झाले साधारण १.८ ग्रॅम. १५ लिटरच्या बादलीत २७-२८ ग्रॅम साबण मळाला हात लावण्याआधीच खलास! शिवाय तोच साका कपड्यावर बसतो. डिटर्जंट पावडरीत सोडा वगैरे घालतात, त्यामागचं एक कारण हेच.

आता रिठ्याकडे वळू. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. सॅपोनिनच्या रेणूचा एक भाग तेलकट मळाला धरतो आणि दुसरा, साखरेचा भाग पाण्याला. काम साबणाचंच, पण सॅपोनिन हे साबणासारखं सोडियमचं क्षार नाही. त्यामुळे कॅल्शियमशी त्याची साबणासारखी गाठ पडत नाही आणि दुष्फेन पाण्यातही रिठा फेस देतो. त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून रेशमी आणि लोकरी कपड्यांना ते मानवतं. सोनारही दागिने साफ करायला रिठा वापरतात, ते उगीच नाही.

कृती अगदी सोपी आहे. मी रूमवर करतो ती अशी :

१) १५ वाळलेले रिठे फोडून काळ्या बिया काढून टाका. काम टरफलाचं आहे.
२) टरफलं १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा.
३) सकाळी मंद आचेवर १५-२० मिनिटं उकळा. पातेलं अर्धं रिकामं ठेवा, नाहीतर फेस उतू जाऊन शेगडीच धुऊन निघेल.
४) गार झाल्यावर टरफलं हाताने कुस्करा आणि पाणी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या.
५) अर्ध्या बादलीला एक कप पाणी पुरतं. कपडे अर्धा तास भिजवा, चोळा आणि दोनदा खळबळून काढा.

हे पाणी टिकत नाही, दोन-तीन दिवसांत आंबतं. म्हणून लागेल तेवढंच करा.

आता दुसरी बाजू. ‘नैसर्गिक’ म्हटलं की आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. इंजिनिअरने तसं करू नये. वर्कशॉपच्या एप्रनवरचं ग्रीस रिठ्याने निघत नाही, मी करून पाहिलंय. पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक येऊ शकते. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सॅपोनिन माशांना विषारी असतं. रिठ्याच्या पाण्याने माशांना गुंगी आणून पकडण्याची पद्धत जुनी आहे. तेव्हा धुण्याचं पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. मोकळ्या जमिनीवर टाका. मातीतले जिवाणू सॅपोनिनचं विघटन करतात.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. दोन सारख्या बाटल्यांत बोअरचं पाणी घ्या. एकीत साबणाचं पाणी आणि दुसरीत रिठ्याचं पाणी समान मापाने घालून दोन्ही जोरात हलवा. साबणाच्या बाटलीत पाणी दुधाळ होऊन साका दिसेल, रिठ्याच्या बाटलीत फेस. मग लॅबमध्ये त्याच पाण्याचं टायट्रेशन करून खरी दुष्फेनता काढा आणि वरचं गणित तुमच्या बादलीसाठी पुन्हा मांडा. महिन्याला किती साबण नुसता वाया जातो, ते कळेल. ते रीडिंग जर्नलसाठी नसेल, तुमच्या खिशासाठी असेल!